ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर : डिझेल पिकअप ओढेना, तर कितपत कामाचा?

‘गाडी ओढेना’ एवढीच तक्रार घेऊन पिकअप गॅरेजला गेली, की बऱ्याचदा ठरलेला क्रम चालतो. आधी डिझेल फिल्टर, मग एअर फिल्टर. फरक पडला नाही तर पंप आणि इंजेक्टर उतरवून लॅबला, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर टर्बो. प्रत्येक पायरीला खर्च वाढत जातो आणि दोष कधी कधी निघतो तो टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी होजला खालच्या बाजूने गेलेल्या चिरेत. गाडीच्या सॉकेटला लावला की तिच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड आणि सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवणारा काडेपेटीएवढा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर साधारण पाचशे ते हजार रुपयांत मिळतो. हवा कमी पडतेय, डिझेल कमी पडतंय, की गाडीचा कॉम्प्युटरच इंजिन दाबून धरतोय, हे पंपाला पाना लावण्याआधी या वस्तूवरून कळू शकतं. मात्र कोड वाचून थांबणाऱ्याला ती फसवते. चालत्या गाडीचे आकडे बघणाऱ्याला ती पैसे वसूल करून देते.

कुठल्या गाडीला चालेल ते आधी पाहा. स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या आत १६ पिनांचं सॉकेट हवं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ पिकअपला, म्हणजे बोलेरो पिकअप, इन्ट्रा, योद्धा, दोस्त यांच्या डिझेल मॉडेलांना अडचण नाही. बीएस-४ च्या कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने डिझेल सोडणाऱ्या, गाड्यांनाही बहुतेक चालतो. जुना मेकॅनिकल पंप असलेल्या गाडीला याचा काहीच उपयोग नाही, तिथे मिस्त्रीचा कान आणि हातच कामाचा. २४ व्होल्टच्या ट्रकला तर लावूच नका, स्वस्त स्कॅनर जळू शकतो.

घेताना डब्यावरच्या आकड्यांना भुलू नये. ‘ईएलएम ३२७ व्ही १.५’ असं आतल्या चिपचं नाव छापलेले स्कॅनर सगळीकडे दिसतात, पण मूळ कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. म्हणजे बाजारात आहे ती नक्कल, आणि नकलेतही बरी-वाईट असते. ‘२.१’ छापलेल्या कित्येक स्वस्त नकलांत काही कमांड गाळलेल्या असतात, मग ॲप जोडलं जातं पण आकडे येत नाहीत. म्हणून परत करण्याची मुदत असेल तिथूनच घ्या आणि आल्या दिवशी आपल्या गाडीवर लावून बघा. रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब, आणि इनटेक मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, हे दोन आकडे दिसले तर ठेवा, नाहीतर परत. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालत नाही, वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जी असलेला बघावा लागतो. अँड्रॉइडला साधा चालतो, जोडणीचा पिन बहुधा १२३४ किंवा ००००. ॲप म्हणून ‘टॉर्क’ किंवा ‘कार स्कॅनर’ पुरेसं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच करून टाका. ॲपमध्ये प्रेशरचं एकक किलोपास्कल किंवा बार करून घ्या. काही ॲप पीएसआय दाखवतात आणि रेल प्रेशर ४,३५० दिसलं की माणूस दचकतो, ते खरं तर साधं ३०० बार असतं. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल, म्हणून ३०,००० किलोपास्कल म्हणजेही ३०० बारच. स्क्रीनवर एका वेळी चार-पाचच आकडे ठेवा. स्कॅनर एकेक आकडा क्रमाने विचारतो. बारा आकडे लावले की प्रत्येक आकडा उशिरा बदलतो आणि नेमकी गाडी दम टाकते तो क्षण निसटतो.

इंजिन बंद असतानाच अर्धी तपासणी

हा भाग बरेच जण सोडून देतात, आणि इथेच स्कॅनर सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. रात्रभर उभी असलेली गाडी, चावी ऑन, इंजिन बंद.

मॅनिफोल्ड प्रेशर आणि हवेचा दाब, म्हणजे बॅरोमेट्रिक, हे दोन्ही आकडे शेजारी लावा. इंजिन बंद असताना दोन्ही जवळपास सारखे हवेत. नेटवर वाचून लोक इथे १०१ शोधतात, पण तो समुद्रकाठचा आकडा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर आहे, त्यामुळे इथे ९५-९६ किलोपास्कल हाच बरोबर आकडा. उन्हाळ्यात एखादा कमी दिसेल. मॅनिफोल्डचा सेन्सर ८५ किंवा १०८ दाखवत असेल, तर टर्बोकडे बघण्याआधी तो सेन्सर काढून बघा. त्याच्या तोंडावर ईजीआरमधून, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून, आलेली काजळी आणि तेल यांचा लगदा बसलेला असतो. कार्ब क्लिनरने नव्हे, सेन्सरसाठीच्या क्लिनरने हलकेच धुवा, तार किंवा काडी आत घालू नका.

रेल प्रेशर या अवस्थेत शून्याच्या आसपास हवं. बंद इंजिनला ५०-६० बार दिसत असेल तर सेन्सर किंवा त्याची अर्थिंग खोटं बोलतेय. मग पुढचे सगळे आकडे त्याच फरकाने चुकणार आणि कॉम्प्युटरही त्याच खोट्या आकड्यावर डिझेल सोडणार.

पाण्याचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान पहाटे सारखंच असतं, दोन-तीन अंश इकडेतिकडे. एक २८ आणि दुसरं ६० दाखवत असेल तर ६० वाला सेन्सर संशयित. बॅटरी १२.४ व्होल्टच्या वर, इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५.

आता ॲक्सिलरेटर. पेडल तळापर्यंत दाबा आणि आकडा बघा. प्रत्येक गाडीचा वरचा आकडा वेगळा असतो, काहींचा ८० च्या पुढे जात नाही, पण तो सलग चढला पाहिजे आणि सोडल्यावर सलग उतरला पाहिजे. मध्येच उडी किंवा खाच दिसली तर पेडलचा सेन्सर गेला. आणि पेडलखालची जाड रबरी मॅट आधी काढून मग दाबा. मॅट मागून सरकून पेडलखाली आली की पाय तळाला टेकल्यासारखा वाटतो, पण कॉम्प्युटरला सत्तर टक्केच मागणी पोहोचते. मॅटसकट आणि मॅटविना असे दोन्ही आकडे घ्या. फरक आला तर खर्च शून्य.

लोडवर, रस्त्यावर

न्यूट्रलला रेस करून टर्बोचा निकाल देता येत नाही. इंजिनवर भार नसला की टर्बो फारसा फिरतच नाही, मग चांगल्या टर्बोचाही आकडा १२०-१३० च्या पुढे सरकत नाही. म्हणून गाडी भरलेली हवी आणि चढ हवा. सोलापूरच्या आसपास रस्ता बहुतेक सपाट. पुण्याकडे निघा नाहीतर हैदराबादकडे, लांब चढ लवकर लागत नाही. तुळजापूरचा घाट या कामाला उत्तम. तेवढं लांब जायचं नसेल तर भरलेल्या गाडीने हायवेवर तिसऱ्या गिअरला १,५०० आरपीएमवरून पेडल पूर्ण दाबून ३,००० पर्यंत न्या. मोबाइल शेजारच्या माणसाच्या हातात द्या आणि ॲपमधलं रेकॉर्डिंग चालू ठेवा. ड्रायव्हरने स्क्रीनकडे बघायचंच नाही, आकडे नंतर थांबून वाचायचे.

काय बघायचं ते मोजकं आहे. निष्क्रिय रेसवर, म्हणजे पेडल न दाबता, रेल प्रेशर साधारण २५० ते ३५० बार असतं. पूर्ण पेडलला ते हजाराच्या वर चढून तिथे टिकलं पाहिजे, बऱ्याच पिकअपना १,२०० ते १,६०० पर्यंत जातं. मॅनिफोल्ड प्रेशर इंटरकूलर असलेल्या निरोगी गाडीत १८० ते २२० किलोपास्कलच्या घरात पोहोचतं. हा आकडा हवेच्या दाबासकट असतो हे लक्षात ठेवा. २०० दिसलं म्हणजे टर्बोने स्वतः दिलेला दाब साधारण १ बार. काही ॲप ‘बूस्ट’ नावाने हवेचा दाब वजा करून दाखवतात, त्यामुळे दोन गाड्यांचे आकडे लावून बघताना घोळ होतो.

रेल प्रेशर आधी चढलं आणि आरपीएम वाढता वाढता ४००-५०० वर आलं, तर गाडी डिझेलला भुकेली आहे. अशा वेळी बहुधा पी ००८७ हा कोड येतो, पण तो यायच्या आधीच गाडी ओढेनाशी झालेली असते.

रेल प्रेशर छान आणि मॅनिफोल्ड १०० ते १२० लाच अडकलेलं, मागून काळा धूर, तर हवा कमी पडतेय. इथे पी ०२९९ येतो. या कोडचा अर्थ ‘अपेक्षेइतका दाब मिळाला नाही’ एवढाच. ‘टर्बो गेला’ असा त्याचा अर्थ लावून टर्बो बदलायला सांगणारा माणूस वाचतोय कोड आणि विकतोय टर्बो.

दोन्ही आकडे एका मर्यादेपलीकडे जाईनात, धूर नाही आणि आरपीएम कायम ठरावीक ठिकाणीच अडतोय, तर कॉम्प्युटरनेच इंजिन दाबून धरलंय. म्हणजे लिम्प मोड. पाणी तापलं, डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर भरला, पेडलचे दोन सेन्सर एकमेकांशी जुळेनात, फिल्टरमध्ये पाणी साचलं, ब्रेक स्विच अडकला, यातलं काहीतरी. इथे मात्र कोड वाचणं खरोखर कामाला येतं.

आणि चौथी गत. सगळे आकडे निरोगी, तरी गाडी ओढत नाही. तेव्हा इंजिन सोडून द्या. आरपीएम आणि वेग शेजारी लावून एकाच गिअरमध्ये रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचं गुणोत्तर काढा. तिसऱ्याला २,००० आरपीएमवर रिकामी गाडी ३५ ने जात असेल, तर भरलेलीही ३५ नेच गेली पाहिजे. ती ३० ने जात असेल तर क्लच घसरतोय. गुणोत्तर तेच असेल तर गाडी थोडी चालवून चारही चाकांच्या डिस्क किंवा ड्रमजवळ हात न्या. एकच चाक तापलेलं निघालं तर ब्रेक धरून बसलाय. शिवाय लोड. दीड टनाच्या पिकअपमध्ये ५० किलोची कांद्याची गोणी ३० बसते. हंगामात मार्केट यार्डाकडे पन्नास गोण्या लादून निघालेल्या गाडीचा दोष कुठलाच स्कॅनर काढू शकत नाही.

डिझेलच्या बाजूला, बाटल्या आणि पारदर्शक नळी

स्कॅनरने ‘डिझेल कमी पडतंय’ इथवर आणून सोडलं की पुढे तो गप्प. कुठे कमी पडतंय ते शोधायला साध्या वस्तू लागतात, आणि त्या नसतील तर स्कॅनर अर्धाच.

सगळ्यात सोपं, टाकीचं झाकण. लोडवर गाडी दम टाकते तेव्हा थांबून झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली आणि थोडा वेळ गाडी बरी चालली, तर झाकणातली हवेची वाट बुजलीय. आपल्याकडच्या धुळीत हे सहज होतं.

त्यानंतर फिल्टर. खालचा ड्रेन स्क्रू सैल करून पारदर्शक बाटलीत अर्धा पेलाभर काढा आणि दहा मिनिटं ठेवून द्या. तळाला पाणी वेगळं दिसतं, काळा गाळ दिसला तर टाकी उतरवून धुवावी लागणार. शेतावर बॅरलमध्ये डिझेल साठवून हातपंपाने भरणाऱ्यांनी हे नियमाने बघावं. पाणी आणि गंज सगळ्यात जास्त तिथूनच येतो. टाकीतल्या पिकअप पाइपच्या तोंडावरची जाळीही तपासा. नवा फिल्टर घालूनही रेल प्रेशर पडतच असेल तर जाळी हाच पहिला संशय.

मग पारदर्शक नळी. टाकीकडून फिल्टरकडे येणाऱ्या पाइपच्या मध्ये वीतभर पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी क्लॅम्पने बसवा आणि इंजिन चालू करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे आले तर ठीक, पण सलग येत राहिले तर फिल्टरच्या आधी कुठेतरी हवा ओढली जातेय. हवा ओढणारी जागा बाहेरून ओली दिसत नाही, कारण तिथून डिझेल बाहेर पडतच नाही. फिल्टरच्या झाकणाचा ओ-रिंग, हाताने दाबायचा प्रायमर पंप, जुन्या रबरी पाइपची टोकं, या क्रमाने बघा. फिल्टर बदलताना जुनाच ओ-रिंग परत बसवला असेल तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

हेही ठीक निघालं तर इंजेक्टरची परतीची चाचणी. चार सिलिंडरच्या इंजिनात चारही इंजेक्टरच्या परतीच्या पाइपना सारख्या लांबीच्या नळ्या लावून एकसारख्या चार बाटल्यांत सोडा, मूळ परतीचा मार्ग बुच मारून बंद करा आणि इंजिन गरम झाल्यावर दोन-तीन मिनिटं निष्क्रिय रेसवर चालवा. चारही बाटल्यांत साधारण सारखं डिझेल यायला हवं. एकीत बाकीच्यांच्या दुप्पट आलं तर तो इंजेक्टर आतून गळतोय, पंप बिचारा दाब बनवतोय आणि हा परत पाठवतोय. चारही बाटल्यांत अगदी थोडं आणि सारखं आलं, तरी लोडवर रेल प्रेशर पडतंय, तरच पंपाकडे वळा. तिथेही आधी पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह, म्हणजे पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणारा, आणि त्याचं कनेक्टर. तो अडकून बसला तरी लक्षणं पंप गेल्यासारखीच दिसतात.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जुन्या इंजिनला चालू असताना इंजेक्टरच्या पाइपचं नट सैल करून कुठला सिलिंडर मारत नाही ते बघायची सवय अनेक चांगल्या मिस्त्रींना आहे. कॉमन रेल गाडीवर हे कधीही करू नका. निष्क्रिय रेसलाही आत तीनशे बार असतात आणि ती बारीक धार हातमोजा भेदून कातडीच्या आत डिझेल घालते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येऊ शकते. इंजिन बंद करा, काही मिनिटं थांबा, स्कॅनरवर रेल प्रेशर शून्याजवळ आलेलं बघा, मगच पाना लावा. हाताच्या सुरक्षिततेसाठीसुद्धा हा स्कॅनर घ्यावा, असं आमचं मत आहे.

हवेच्या बाजूला

एअर फिल्टर वरून बघून निकाल देऊ नका, घड्या उघडून आत बघा. सोलापूरची धूळ बारीक आणि काळ्या मातीची, उसाच्या गळीत हंगामात शेतरस्त्यांवर तर ती हवेतच तरंगत असते. मॅन्युअलमधलं किलोमीटरचं अंतर अशा गाडीला लागू पडत नाही, त्याच्या निम्म्यावर बघावं. कंप्रेसरची हवा मारायचीच तर आतून बाहेर, लांबून आणि कमी दाबाने. जवळून मारलेली हवा कागदाला बारीक भोकं पाडते, फिल्टर स्वच्छ दिसतो आणि धूळ सरळ टर्बोच्या पात्यांवर जाते. सस्त्या डुप्लिकेट फिल्टरचा रबरी काठ घरात नीट बसत नाही, त्याचाही शेवट तोच. फिल्टरनंतरच्या पाइपमध्ये बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर फिल्टर बदलून भागणार नाही, तो बसतो कसा ते बघा.

टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतची होज आणि इंटरकूलर यांची गळती रिकाम्या गाडीवर सापडत नाही. दाब आला की चीर उघडते, दाब गेला की मिटते. हात फिरवून तेलकट जागा शोधा. थोडं तेल सगळ्याच होजना असतं, पण एकाच ठिकाणी तेल आणि त्यावर धुळीचा थर जमला असेल तर तिथून हवा जातेय.

पक्की खात्री करायची तर टर्बोच्या तोंडाला बसेल असं पीव्हीसीचं टोपण घ्या, त्याला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवा आणि क्लॅम्प आवळून अर्धा बारपर्यंत हवा भरा. साबणाचं पाणी फवारा, फेस येईल तिथे गळती. १ बारच्या वर जाऊ नका आणि टोपणासमोर उभे राहू नका. इंजिनच्या ब्रीदरचा पाइप टर्बोच्या आधी जोडलेला असतो, तो बुच मारून बंद करा, नाहीतर हवा क्रँककेसमध्ये जाईल आणि तेलाच्या सीलवर दाब येईल.

गळती नाही आणि तरी दाब येत नाही, तर टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या व्हॅक्यूम ॲक्च्युएटरला जाणारी बारीक रबरी नळी बघा. ती कडक होऊन टोकाला तडकते, किंवा उंदीर कुरतडतात. या दहा-वीस रुपयांच्या नळीपायी टर्बो उतरवलेले पाहिले की वाईट वाटतं. त्यानंतर टर्बोचा शाफ्ट. आडवा किंचित हलला तर चालतो, पण आत-बाहेर हलला किंवा पातं घराला घासल्याची चकाकी दिसली तर टर्बो खरोखर गेला.

ईजीआर उघडाच अडकला तर खालच्या आरपीएमला गाडी मरगळते आणि काळा धूर सोडते. तुमच्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर असेल तर हे आकड्यात दिसतं. २.५ लिटरच्या इंजिनला ८०० आरपीएमवर ईजीआर बंद असताना साधारण १४ ते १६ ग्रॅम प्रति सेकंद हवा लागते, ईजीआर उघडा असताना जवळपास निम्मी. थंड इंजिन चालू केल्यावर लगेच, किंवा बराच वेळ निष्क्रिय चालल्यावर, कॉम्प्युटर ईजीआर मिटतो. तेव्हाही आकडा ७-८ वरच असेल तर व्हॉल्व्ह काजळीने अडकलाय. काढून धुवा. पत्रा लावून बंद करायचा सल्ला बीएस-६ गाडीला घेऊ नका, कोड येतो आणि गाडी लिम्पमध्ये जाते.

मे महिन्यातली दुपार वेगळी धरा. ४२ अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ७ टक्के विरळ असते, त्यामुळे दुपारी किंचित मंदावलेली गाडी पहाटे चांगली ओढत असेल तर दोष शोधत बसू नका. पण मॅनिफोल्डमधल्या हवेचं तापमान चालत्या गाडीत ८० च्या वर जात असेल, तर इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत पाचट आणि धूळ अडकलीय. मागून पुढे, कमी दाबाने पाणी मारा.

डीपीएफचं प्रकरण थोडक्यात. मार्केट यार्ड ते शहरातली दुकानं एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो भरतोच, कारण आतली काजळी जाळायला सहाशेच्या आसपास तापमान आणि सलग पंधरा-वीस मिनिटं हायवेचा वेग लागतो. दिवा लागला की दुर्लक्ष न करता पुणे रोडला किंवा विजयपूर रोडला एक सलग फेरी मारा, मधेच इंजिन बंद करू नका. त्या वेळी वाळलेल्या पाचटावर किंवा कडब्याजवळ गाडी उभी करू नका, सायलेन्सर आग लावण्याइतका तापलेला असतो. जळणं वारंवार अर्धवट राहिलं तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर ते बदलल्याशिवाय गाडी लोडवर नेऊ नका. स्वस्त स्कॅनरने जबरदस्तीचं जाळणं सहसा करता येत नाही, त्यासाठी कंपनीचं किंवा मोठं मशीन लागतं.

काय करत नाही

इंजेक्टर बदलल्यावर त्याच्या अंगावरचा कोड गाडीत टाकावा लागतो, ते याच्याने होत नाही. रेल प्रेशर ‘मिळतंय किती’ ते दिसतं, ‘मागितलंय किती’ ते बऱ्याच गाड्यांत दिसत नाही. पी १ ने सुरू होणाऱ्या, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या कोडांचे अर्थ ॲप दुसऱ्याच कंपनीच्या यादीतून उचलून दाखवतं, त्यावर विसंबून सुटा भाग आणू नका. आणि कोड पुसण्याचं बटण हाताशी असलं तरी आधी स्क्रीनशॉट घ्या. कोडबरोबर साठवलेला फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोष आला तेव्हाचा आरपीएम, वेग, तापमान, हा सगळ्यात मोलाचा पुरावा असतो आणि पुसला की कायमचा जातो.

गॅरेज चालवणाऱ्याला हा पुरणार नाही, त्याने ॲक्च्युएटर हलवून बघता येणारं मशीनच घ्यावं. एक-दोन पिकअप असलेल्या मालकाने मात्र तो जरूर घ्यावा. त्याच्यासोबत दोन मीटर पारदर्शक नळी, चार सारख्या बाटल्या आणि अर्धा डझन क्लॅम्प ठेवावेत. पाचपैकी चार गुण. एक कापला तो नकलांच्या बेभरवशाच्या दर्जासाठी.

काम झालं की स्कॅनर सॉकेटमधून काढून ठेवा. सोळाव्या पिनेला चावी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो. आठ-दहा दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी तो उतरवतो. सॉकेटमध्ये तसाच राहिला तर क्लच दाबताना गुडघा लागून सॉकेटच्या पिना वाकतात, मग पुढच्या वेळी कुठलंच मशीन जोडलं जात नाही.